बायांच्या खाणीचा दगड

तुम्ही पार्वताबाई आसुटकरला नवऱ्याच्या मरणाचं कारण ठरवलंत. रांगोळीवरून. शिक्का मारून, आणि तिला एक प्रश्नही न विचारता. तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण निकालाखालीही ते नव्हतं. 'सक्षम प्राधिकारी' एवढंच होतं. कशाला सक्षम, ते पुढं येईलच.

निकाल आला तो कवडू आसुटकरच्या तेरवीला. कोळबोडीच्या समाजमंदिरापुढं मांडव टाकला होता, दुसरी पंगत बसली होती. पार्वताबाईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या फोनवर सरकारी कागद वाचून दाखवायची सोय चालू होती. फोन वाजला. कवडूची थोरली बहीण बेबीआत्या शेजारी बसली होती. भावाच्या भरपाईच्या अर्जाचं काहीतरी आलं म्हणून तिनंच आवाज मोठा केला.

फोन गोड बाईच्या आवाजात बोलला, "मयत कवडू लटारी आसुटकर, वय एकसष्ट, खाणकामगार. फुप्फुसातील धुळीचा थर : कोळबोडी, बायांची खाण. जुळणी सत्त्याण्णव टक्के. निष्कर्ष : धूळ घरगुती. उगम : घरातील स्त्रियांनी केलेली रांगोळीची कुटाई. खाणचालकाचा संबंध आढळत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आपला दिवस शुभ जावो."

वाढणारे हातात भाजीची बादली धरून तसेच उभे राहिले.

"म्हंजे?" बेबीआत्या म्हणाली. "माह्या भावाले हिनं मारलं?"

"बाई, असं काय बोल्ता..." पार्वताबाईच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मी नाही बोलत, मशीन बोलते! साक्षीदार बोलते!" आत्या पानावरून उठली आणि मांडवाच्या खांबाशी बसलेल्या भाचीकडं वळली. "हर्षे, तू त्याच मशीनवर हायस ना नागपूरले? सांग सगळ्याईले. खोटं हाय म्हून सांग."

हर्षला आसुटकर. कवडू-पार्वताची एकुलती एक पोर, वय चौतीस, धूळ-लवादाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं नोकरी. सगळी पंगत तिच्याकडं बघत होती.

ती बोलली नाही. बोलणार काय? थराच्या बाबतीत साक्षीदार चुकत नाही, हे तिच्याइतकं त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या गप्प बसण्यात तिनं एकदा, एकदाच, मान वळवून आईच्या हातांकडं पाहिलं. पार्वताबाईनं ते पाहणं पाहिलं. हात पदराखाली घेतले.

आता साक्षीदार म्हणजे काय ते सांगायला हवं.

कोळबोडीच्या पोटात जी चुनखडी आहे ती समुद्राच्या तळाचा चिखल होती. अब्जभर वर्षं झाली त्याला. तेव्हा जमिनीवर गवताची काडी नव्हती आणि पाण्यात मासा नव्हता. होते ते एका पेशीचे जीव, डोळ्यांना न दिसणारे. दिवस वाईट आले की हे जीव स्वतःभोवती एक चिवट पिशवी विणायचे आणि आत निजून राहायचे. जीव मेले, पिशव्या तळाला बसल्या, वर चुन्याचा गाळ साचत गेला, गाळाचा दगड झाला. त्या दगडाचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की दगड फसफसून विरघळतो आणि भांड्याच्या बुडाशी काळपट कण उरतात. त्याच त्या पिशव्या. दगड मेला तरी त्या मरत नाहीत.

फुप्फुसातही तसंच होतं. ड्रिलची धूळ श्वासातून आत जाते. त्यातले गारगोटीचे कण फुप्फुस चिरत राहतात आणि माणूस मारतात. चुना हळूहळू विरघळून जातो. पिशव्या तिथंच राहतात. अब्ज वर्षं टिकलेल्या वस्तूला माणसाच्या छातीतली वीस वर्षं म्हणजे काय?

साक्षीदार यंत्र अशा प्रत्येक पिशवीवर लेझरचा ठिपका टाकतं. ठिपका परततो तो रंग बदलून, आणि त्या रंगांत पिशवीचं रसायन लिहिलेलं असतं. प्रत्येक थराचं हस्ताक्षर वेगळं. यंत्र ते आपल्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघतं आणि सांगतं, मेलेल्या माणसाच्या छातीत कुठल्या थराची धूळ आहे. हे यंत्र आलं तेव्हा खाणीवरच्या लोकांनी पेढे वाटले होते. आता कंपन्यांना 'ही धूळ आमची नाही' म्हणता येणार नाही, म्हणाले. दगडच साक्ष देईल.

दगडानं दिली. साक्ष लिहून घेणारे तुम्ही होतात.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर हर्षला मागच्या अंगणात आली. आई उखळाशी बसली होती. रांगोळीचं उखळ, दगडी, बुडाशी झिजून गुळगुळीत झालेलं. पार्वताबाई त्यात पाणी ओतून धूत होती, एखादं भांडं विटाळल्यासारखं.

"माय, किती कुटायची गं तू?"

प्रश्न विचारला आणि हर्षलाला तो परत गिळावासा वाटला.

"तूही इचारतेस?" पार्वताबाई धुता धुता म्हणाली. "सणावाराले कुटो. दिवाळीले जास्त. बायांच्या खाणीतून टोपलंभर आणलं का वर्ष निंघे. सगळ्या बायाच कुटत. मग कुटते बाई अन् मरतो बाप्या, असं कसं व्हते वं? मले तं एक खोकलाही नाही."

"निकालात लिहिलंय, बायका तोंडाला पदर लावून कुटतात म्हणून वाचतात."

"अस्सं! पदर लावला तरी दोष, नाही लावला तरी मराव." ती कोरडं हसली. मग हसू विरलं. "हर्षे, खरंच माह्यानं झालं असंन का? तो तं इथंच खाटेवर पडून राहे, मी कुटो तवा."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका बाईनं असाच निकाल ऐकून विहीर जवळ केली होती. त्या निकालाची काच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा फुप्फुसातल्या धुळीचा नमुना, हर्षलानं स्वतःच्या हातानं तयार केली होती. तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, जेवणही गेलं नव्हतं. पण यंत्रावर तिनं शंका घेतली नव्हती.

"मले एक समजत नाही," पार्वताबाई पुढं म्हणाली. "तुह्या मशीननं त्याच्या छातीतली धूळ पायली ना? कशी व्हती?"

"काळपट. पिशव्या असतात ना त्यात, त्यांचा रंग..."

"काळी?" पार्वताबाईचा हात थांबला. "मंग रांगोळीची कशी असंन? काळ्या दगडाची कोणी रांगोळी टाकते का? बायांच्या खाणीतला दगड दुधावानी पांढरा. म्हून तं आणो आम्ही."

हर्षला बघतच राहिली. मग तिचं लक्ष तुळशीकडं गेलं, आणि तिथून हलेना.

तुळशीच्या ओट्यावर एक दगड होता. शेंदरानं माखलेला, पण एका बाजूला शेंदूर नव्हता. तिथून कधीतरी टवका काढलेला होता आणि आतला दगड दिसत होता. काळा-करडा, पावसाळी ढगासारखा.

खाणीवरच्या ड्रिलवाल्यांचा एक रिवाज आहे. नवी बेंच उघडली, म्हणजे खाणीची आणखी एक पायरी खाली खोदली, की पहिला ढलपा ज्याच्या ड्रिलखाली निघतो तो घरी आणतो आणि तुळशीपाशी मांडतो. शेंदूर लावतो, नारळ फोडतो. पहिला दगड घरी नेला की खाण माणूस मागत नाही, असं म्हणतात. हा दगड कवडूनं आणलेला. चार नंबरच्या बेंचचा.

आणि त्याचा टवका हर्षलानं काढलेला.

नऊ वर्षं झाली. ती नोकरीला नवी होती, संग्रह भरायचं काम जोरात होतं. कवडूच्या कंपनीनं आपल्या खाणीतले नमुने पाठवले होते, बेंच एक, दोन, तीन. साहेब म्हणाले, तुझ्या गावात जुनी खाण आहे ना, तिथलाही एक आण. हर्षला हरखली. गावाचं नाव यंत्रात जाणार! सुट्टी काढून आली तर पाऊस लागलेला, बायांची खाण काठोकाठ भरलेली. सोमवारी नमुना हवा होता. ती तुळशीपुढं चिंतेत उभी असताना कवडू मागून आला.

"हा घेऊन जाय ना याचा तुकडा," तो म्हणाला. "एकच थर हाय, बाप्पा. बायांच्या खाणीत तो उघडा पडला अन् आमच्याकडं चाळीस मीटर खाली गेला. मी पंचवीस साल भोकं पाडून राहिलो, मले नाही समजत का? एका मायचे दोन लेकरं हायत ते."

"देवाचा दगड आहे, बाबा."

"देव काही म्हनत नाही. पोरीच्या नोकरीसाठी देवानं कान देल्ला म्हनू."

त्यानंच छिन्नी लावली. हर्षलानं हळदकुंकू वाहिलं, क्षमा मागितली, आणि पाकिटावर सुंदर अक्षरात लिहिलं : कोळबोडी, बायांची खाण.

कवडूचं बरोबर होतं. थर एकच होता. साक्षीदारही बरोबर होता, थर त्यानं अचूक ओळखला होता. पण संग्रहात त्या थराचा नमुना एकच होता आणि त्यावर गावच्या बायांचं नाव होतं. चार नंबरच्या बेंचचा नमुना कंपनीनं पाठवलाच नव्हता. कसा पाठवणार? ती बेंच बिनपरवान्याची होती. कागदोपत्री ती खाण तिसऱ्या पायरीवर संपत होती. तो थर तेरा गावांखालून जातो. नऊ वर्षांत त्या तेरा गावांतला जो जो माणूस त्या काळ्या दगडानं मेला, तो तुमच्या कागदावर बायकोच्या रांगोळीनं मेला.

हर्षला तुळशीपाशी खाली बसली. आईनं विचारलं, काय झालं. तिनं उलटच विचारलं.

"माय, जुनी रांगोळी आहे का घरात? बायांची खाण बुजवली त्याच्या आधीची?"

"हाय ना डब्यात. गौरीची उरली व्हती."

प्रयोगशाळेत हर्षलानं ती रांगोळी आम्लात टाकली. अर्ध्या तासात पांढरं सगळं गेलं. बुडाशी चिमूटभरही उरलं नाही, डाग म्हणावा एवढंच. काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. पिशव्या होत्या, पण फाटलेल्या, कुरतडलेल्या, चाळणीसारख्या.

मग तिनं वडिलांची काच काढली. नात्यातल्या माणसाची काच हाताळायची परवानगी नसते. तिनं काढली. कवडूच्या छातीतल्या पिशव्या सुकलेल्या बोरांसारख्या सुरकुतलेल्या होत्या, पण अखंड. एकीलाही भोक नाही.

यात गूढ काही नाही. उघड्यावरचा दगड हवा खातो, पाऊस खातो, झाडांची मुळं त्यात शिरतात. लोखंड गंजतं तशा त्यातल्या पिशव्या गंजतात, दगडाचा काळेपणा जातो आणि तो पांढरा पडतो. खोल दगडाला हवा लागत नाही, तो काळाच राहतो आणि पिशव्या शाबूत राहतात. यंत्र पिशवीचं हस्ताक्षर वाचत होतं. कागद फाटका की धड, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर खोलकुटे माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या, चष्मा काढला, चहा मागवला.

"हर्षला, या एका नमुन्यावर चारशे अकरा निकाल उभे आहेत."

"चारशे अकरा बायकांच्या डोक्यावर उभे आहेत, सर."

"तू लेबल खोटं लिहिलंस हे कबूल करावं लागेल. नोकरी जाईल. फौजदारी होईल."

"माझी आई चार घास खात नाही, सर. तेरवीच्या दिवसापासून दारात रांगोळी नाही. आत्या तिच्या हातचं पाणी घेत नाही."

"दिवस गेले की लोक विसरतात."

"लोक विसरतील. आई कशी विसरेल?"

खोलकुटेंनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. "मी तुझ्या अर्जावर 'पाहिले' एवढी सही करतो," ते म्हणाले. "'पटले' अशी नाही करता येणार." एवढं तरी त्यांनी केलं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

सुनावणी तुमच्याच दालनात झाली. काळ्या काचेचं लांबलचक टेबल, पलीकडं तुम्ही तिघं, बाजूला कंपनीची वकीलबाई. अलीकडं हर्षला आणि नऊवारी नेसलेली तिची आई, मांडीवर पिशवी घेऊन.

वकीलबाईनं एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. "तुम्ही नऊ वर्षांपूर्वी खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा चुकलं. आज खरं सांगतेय."

"म्हणजे तुम्ही चुकता. वडिलांचा निकाल विरोधात गेला तेव्हाच नेमकी चूक आठवली?"

"नवा नमुना घ्या," हर्षला म्हणाली. "बायांच्या खाणीचा घ्या, बेंच चारचा घ्या. दोन्ही शेजारी ठेवून बघा."

तुमच्यातल्या मधल्यानं फाईल उलटली. धूळ-नियंत्रण मोहिमेखाली बायांची खाण बुजवली असून वर निलगिरी लावली आहे. कंपनीच्या खाणीत पाणी भरलं आहे. बेंच चार अशी कुठलीही बेंच नोंदीत नाही. नमुना कुठून घ्यायचा?

"साहेब, मी बोलू का?" पार्वताबाई म्हणाली.

तिनं पिशवीतून दोन डबे काढले. पहिल्या डब्याचं झाकण उघडताच कारकुनानं खिशातला मास्क काढून तोंडाला लावला. वकीलबाईनंही लावला. कवडूला कंपनीनं बत्तीस वर्षांत फक्त गमछा बांधायला सांगितलं होतं, आणि तोही त्याच्याच घरचा.

पार्वताबाईनं पहिल्या डब्यातली चिमूट घेतली आणि काळ्या काचेवर रेघ ओढली. पंचेचाळीस वर्षं रांगोळी काढलेला हात, रेघ कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. पांढरीशुभ्र.

"हे बायांच्या खाणीची."

मग दुसऱ्या डब्यातली चिमूट घेऊन तिनं शेजारी दुसरी रेघ ओढली. ती उमटली न उमटली. काळ्यावर राखाडी.

"हे चार नंबरची. तुळशीवरचा देव व्हता घरी, माह्या नवऱ्यानं आणलेला. मी काल त्याले उखळात घालून कुटला. देव कुटला साहेब मी, तुमच्यासाठी." तिचा आवाज चढला नाही. "आता सांगा, हे दुसरी कोणती बाई दारात टाकंन? हे रांगोळी नाही. हे राखुंडी हाय. अन् त्याच्या छातीत हे व्हती. तुम्हाले डोळे हायत ना?"

हर्षलाला हे ठाऊक नव्हतं. ती आईच्या बोटांकडं बघत राहिली. दगड कुटताना एका नखाखाली रक्त साकळलं होतं. तेरवीच्या मांडवात याच हातांकडं आपण कसं पाहिलं होतं, ते तिला आठवलं.

तुम्हीही पाहिलंत. मधल्यानं दोन्ही रेघांवर बराच वेळ नजर ठेवली, हे हर्षलानं पाहिलं आणि मी इथं लिहून ठेवतोय. त्याला कळलं होतं. मग तो घसा खाकरून म्हणाला, "डोळ्यांनी पाहिलेला रंग हे प्रमाणित मोजमाप नाही. घरगुती डबा हा अधिकृत नमुना नाही." शिपायाला खूण केली. शिपायानं ओल्या फडक्यानं टेबल पुसलं. दोन्ही रेघा एकाच फडक्यात गेल्या.

प्रकरण अभ्यासगटाकडं पाठवलं आहे. अभ्यासगट अजून नेमलेला नाही. हर्षलाची नोकरी गेली आणि खोटी नोंद केल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. तो तिनं पहिल्या तारखेलाच कबूल केला. तिची नोंद खोटी, हे तुमच्याच न्यायालयाला मान्य आहे. त्या नोंदीवरचे चारशे अकरा निकाल मात्र खरे आहेत. हे कसं, ते तुम्हीच जाणा.

ती आता कोळबोडीत राहते. तेरा गावं फिरून जुन्या रांगोळीचे डबे गोळा करते. काही दारं उघडतात. काही बायका म्हणतात, आता कशाले वं बाई, झालं ते झालं. बेबीआत्या अजून भावजयीच्या हातचं पाणी घेत नाही. तुळशीच्या ओट्यावर दगडाच्या जागी शेंदराचा गोल डाग उरला आहे आणि दार कोरं आहे.

हर्षलानं आईला काचा दाखवल्या, चित्रं काढून दाखवली, दोन्ही पिशव्या समजावून सांगितल्या. पार्वताबाईला सगळं समजलं. मुळात ते तिनंच शोधलं होतं. तरी ती रोज सकाळी कोऱ्या दारात बसून तेच म्हणते.

"तू लेक हायस, तू तं म्हनशीनच. माह्यानं नाही झालं, हे त्याईनं म्हनलं पायजे. कागदावर म्हनलं व्हतं ना, कागदावरच म्हनलं पायजे."

तेव्हा कागद काढा. अभ्यासगट नको, प्रमाणित मोजमाप नको. खाली या वेळी स्वतःचं नाव घाला आणि एका शब्दात लिहा. फोन तिला वाचून दाखवेल.

पार्वताबाईनं नवरा मारला का? हो की नाही?